जॅक्स जिंकले, तरी कॉल चुकला: बबलवरच्या एका डावाचं पोस्टमॉर्टेम

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काय झालं या उत्सुकतेत मधला हिशोब कुणी गाळायला नको. पोकरचा, होल्डेम प्रकारातला डाव. माझ्या हातात गुलामांची जोडी होती, म्हणजे पॉकेट जॅक्स, समोरच्याने ऑल-इन टाकलं, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावल्या, मी कॉल केला, म्हणजे ते आव्हान स्वीकारलं, त्याने राजा आणि चार दाखवले, बोर्डवर, म्हणजे मधल्या सामाईक पत्त्यांत, राजा आला नाही आणि मी जिंकलो. टेबलवर वाहवा झाली, मित्राने पाठ थोपटली, मलाही दोन-तीन दिवस आपण फार भारी खेळलो असंच वाटत होतं. मग एका रात्री सहज कॅल्क्युलेटर उघडून आकडे टाकले आणि लक्षात आलं की तो कॉल चुकीचा होता. म्हणजे थोडासा घाईचा वगैरे नाही, चांगलाच चुकीचा, आणि गंमत अशी की त्याने कॉलच्या आधी पत्ते उलटे करून मला दाखवले असते, हे बघ माझ्याकडे राजा-चार आहे, तरीसुद्धा मी फोल्डच करायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायलाच, हवं होतं. हे मला पहिल्यांदा पटेना म्हणून तीनदा मोजलं. तेच सगळं इथे मांडतोय.

आधी परिस्थिती. दहा जणांचं एका टेबलचं सिट-अँड-गो, म्हणजे खेळाडू जमले की सुरू होणारी छोटी टूर्नामेंट, प्रत्येकाला सुरुवातीला ८,००० चिप्स, म्हणजे टेबलवर एकूण ८०,०००. बक्षिसं नेहमीची, पहिल्याला ५० टक्के, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. दहा बाय-इन, म्हणजे दहा जणांची प्रवेश फी, जमा आहेत म्हटल्यावर पहिल्याला पाच बाय-इन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि चौथ्याला काहीच नाही. आम्ही चार जण उरलो होतो. म्हणजे अगदी बबलवर, पुढचा जो जाईल तो रिकाम्या हाताने जाणार.

ब्लाइंड्स, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांना सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या चिप्स, स्मॉल ५०० आणि बिग १,०००; अँटी, म्हणजे प्रत्येकाची सक्तीची भर, नव्हती. चिप लीडरकडे ४०,०००, माझ्याकडे २८,०००, तिसऱ्याकडे ९,००० आणि चौथ्याकडे फक्त ३,०००. पुढे सोपं जावं म्हणून मी सगळं बिग ब्लाइंडमध्ये बोलतो, म्हणजे ४०, २८, ९ आणि ३, आणि त्या दोघांना नऊवाला आणि तीनवाला म्हणतो. तीनवाला सगळ्यात आधी बोलणारा होता, त्याने फोल्ड केलं. नऊवाला बटनवर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागी, त्यानेही फोल्ड. स्मॉल ब्लाइंडला लीडर, त्याने दोन सेकंदात सगळं आत ढकललं. बिग ब्लाइंडला मी, पत्ते बघितले तर दोन गुलाम.

आता प्रामाणिकपणे सांगा, चौघांच्या टेबलवर स्मॉल ब्लाइंडवाल्याने, तेही लीडरने, ऑल-इन टाकलंय आणि तुमच्याकडे जॅक्स आहेत तर कोण थांबतं? मी तर थांबलोच नाही. डोक्यात एवढंच आलं की हा माणूस वाटेल त्या पत्त्यांवर ढकलतोय, माझी जोडी त्याच्या पुढे आहे, ब्लाइंड स्टील करायला निघालाय तर दाखवू त्याला. यातलं दुसरं वाक्य बहुतेक वेळा खरं ठरणारं होतं. चूक पहिल्यात आणि तिसऱ्यात होती.

आधी साधा चिप्सचा हिशोब करू, जो आपण सगळे करतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, माझा एक ब्लाइंड आणि त्याचे २८, म्हणजे २९ (त्याचे वरचे १२ माझ्याकडे तेवढे नसल्यामुळे त्याला परत जातात). मला अजून २७ टाकायचे. जिंकलो तर पॉट ५६ चा. २७ भागिले ५६ म्हणजे ४८.२ टक्के. अर्ध्यापेक्षा कमी वेळा जिंकलो तरी कॉल बरोबर. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध जॅक्स साधारण ७७.५ टक्के वेळा जिंकतात. ४८ लागतात आणि ७७ आहेत, यात विचार तो काय करायचा. कॅश गेम असता तर विषय इथेच संपला असता. जिंकणाऱ्यालाच सगळं बक्षीस अशी टूर्नामेंट असती तरी संपला असता.

पण इथे चिप्स घेऊन कुणी घरी जात नाही. शेवटी हातात येतात ते बाय-इन. त्यामुळे चिप्सचं रूपांतर पैशात करायला लागतं आणि त्यासाठी आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) नावाचा प्रकार वापरतात. त्याची कल्पना एका वाक्यात सांगायची तर, तुमच्याकडे टेबलवरच्या जितके टक्के चिप्स तितके टक्के तुमची पहिलं येण्याची शक्यता, मग पहिला कोण आला ते धरून त्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्यांत दुसरा कोण याचं तसंच गणित, मग तिसरा. हे सूत्र मुळात पोकरचं नाहीच, १९७३ मध्ये डेव्हिड हारविल यांनी अनेक स्पर्धकांच्या शर्यतीत, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीत वगैरे, कोण कितवा येईल याच्या शक्यता काढायला मांडलं होतं आणि १९८७ मध्ये मेसन माल्मथ यांनी ते पोकर टूर्नामेंटला लावलं. म्हणजे आपण बबलवर बसलेले चार घोडे आहोत असं समजा, त्यातला एक तर लंगडतोय.

आकडे टाकले ते असे. मी फोल्ड केलं असतं तर लीडर ४१, मी २७, नऊ आणि तीन. या स्टॅकवर, म्हणजे चिप्सच्या ढिगाऱ्यांवर, माझी किंमत निघते ३.३५ बाय-इन. पहिला येण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के, दुसरा ४१ टक्के, तिसरा २१ टक्के आणि चौथा, म्हणजे रिकाम्या हाताने जाण्याची, ४ टक्क्यांहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, चार टक्क्यांहून कमी.

कॉल करून जिंकलो तर मी ५६, लीडर १२, नऊ आणि तीन. माझी किंमत ४.३३ बाय-इन. आणि कॉल करून हरलो तर मी चौथा, शून्य. पॉट निम्मा-निम्मा वाटला जाण्याचा क्वचित प्रसंग सोडला तर तिसरी शक्यता नाही, कारण त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स होत्या.

माझ्या चिप्स २७ च्या ५६ होतात, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. आणि पैसा ३.३५ चा ४.३३, म्हणजे तीस टक्केसुद्धा वाढत नाही. दुसऱ्या शब्दांत मी ३.३५ बाय-इन टेबलवर ठेवून ०.९८ बाय-इन मिळवायला निघालो होतो. कुणी मला रस्त्यात थांबवून सांगितलं असतं की साडेतीन रुपये लाव, जिंकलास तर वर एक रुपया देतो, तर मी त्याला आधी विचारलं असतं की बाबा रे, जिंकायची खात्री किती? इथे ती खात्री किती लागते ते काढायचं तर ३.३५ भागिले ४.३३, दशांश नीट धरले तर ७७.३ टक्के.

सत्त्याहत्तर टक्के! चिप्सच्या हिशोबात ४८ लागत होते. मधले २९ टक्के हे बबलचं भाडं. इंग्रजीत खेळणारे याला रिस्क प्रीमियम म्हणतात, मला भाडं हाच शब्द बरा वाटतो, कारण ते पत्ते बघून ठरत नाही, तुम्ही कुठे बसलाय आणि शेजारी कोण आहे यावरून ठरतं.

आता जॅक्सचे ७७.५ आणि लागणारे ७७.३. म्हणजे तो खरोखरच डोळे झाकून शंभरातल्या शंभर हातांवर ढकलत असेल तर माझा कॉल जेमतेम बरोबरीत सुटतो, फायदा एका बाय-इनच्या शंभराव्या भागाएवढा. चहापाण्यालाही पुरायचा नाही. आणि त्याने अगदी टाकाऊ पत्ते, सात-दोन, आठ-तीन असले, जरी टाकून दिले तरी मी खाली. माझी शक्यता ७५ वर आली तर कॉलची किंमत ३.२५, म्हणजे फोल्डपेक्षा एक दशांश बाय-इन कमी.

आणि तो शंभर टक्के हातांवर ढकलणारा नव्हताच, हे मला माहीत असायला हवं होतं. त्याच संध्याकाळी त्याने स्मॉल ब्लाइंडमधून मला दोनदा गुपचूप ब्लाइंड सोडून दिला होता, मीच तो गोळा केला होता. दोन वेळा सोडणारा माणूस सगळ्यावर ढकलतो कसा? खरं तर त्याने सगळ्यावर ढकलणं हेच त्याच्यासाठी योग्य होतं, कारण तो तसं ढकलत असताना मी बरोबर खेळलो असतो तर जॅक्स, क्वीन्स, किंग्ज आणि एसेस एवढ्यांवरच कॉल केला असता, म्हणजे १,३२६ पैकी २४ जोड्या, दोन टक्केसुद्धा नाहीत. अठ्ठ्याण्णव वेळा मी सोडणार हे माहीत असताना सात-दोनसुद्धा ढकलावा. पण लोक तसं करत नाहीत, हात थरथरतो. त्याचा थरथरला होता हे मी बघितलं होतं आणि ऐन वेळी विसरलो.

राजा-चारची गोष्ट सांगतो, कारण मला झोप त्यामुळेच लागली नाही.

जॅक्स विरुद्ध असा हात ज्यात एक पत्ता गुलामापेक्षा मोठा आहे आणि एक लहान, एक्का-सहा म्हणा, राजा-चार म्हणा, तिथे जॅक्स साधारण ७० ते ७१ टक्के. आपण याला सरळ सरळ पुढे असणं म्हणतो, आणि आहोतच की पुढे, दहातल्या सात वेळा जिंकतो. पण लागतात ७७. म्हणजे त्याच्याकडे एक्का, राजा किंवा राणी यातला एकही पत्ता असेल तर मी पुढे असूनही कॉल तोट्याचा. ७० टक्क्यांनी ४.३३ म्हणजे ३.०३, फोल्ड केलं तर ३.३५. पाव बाय-इनपेक्षा जास्त मी त्या एका क्लिकमध्ये जाळले, आणि जळताना चांगलं ऊबदारही वाटलं. एक्का-राजा असेल तर अजून वाईट, ५५-५७ टक्के. मोठी जोडी असेल तर बोलायलाच नको.

बरं, असा पत्ता त्याच्याकडे असण्याची शक्यता किती? माझे दोन गुलाम काढले की उरले ५० पत्ते, त्यात मोठे पत्ते बारा. दोन पत्त्यांत एकही मोठा नसण्याची शक्यता ३८ भागिले ५० गुणिले ३७ भागिले ४९, म्हणजे ५७ टक्के. म्हणजे त्याने डोळे झाकून ढकललं तरी ४३ टक्के वेळा त्याच्याकडे माझ्या कॉलला तोट्यात घालणारा पत्ता आहे. आणि तो निवडून ढकलत असेल तर टाकून दिलेले पत्ते कुठले असणार? लहान लहानच ना. म्हणजे जे मला हवे होते तेच त्याने आधीच फेकून दिलेले. इथे माझं डोकं उजळलं. आपण म्हणतो समोरच्याची रेंज, म्हणजे तो ज्या ज्या पत्त्यांवर ढकलतो ते सगळे, जरा टाइट झाली, तर त्यात एक्के-राजे जास्त झाले असं नाही, त्यातले फुटकळ पत्ते गळाले, आणि माझी रोजीरोटी त्या फुटकळ पत्त्यांवरच होती.

मी हे त्या पाठ थोपटणाऱ्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "अरे वेडा आहेस का, जॅक्स टाकायचे? मग खेळायचं तरी कशाला? आणि जिंकलास ना?" जिंकलो ना, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे उत्तर होतं पण ते आकड्यात होतं आणि त्याला आकडे नको होते. मग त्याने जरा बरा मुद्दा काढला. म्हणाला, "५६ चा स्टॅक झाला की तू टेबलवर राज्य करतोस, बबलवर सगळे घाबरलेले, तू रोज ब्लाइंड चोरणार. ते तुझ्या त्या सूत्रात आहे का?"

नाही, ते त्यात नाही, हे खरंय. आयसीएमला कोण कुठे बसलंय, कोण चांगला खेळतो, पुढचा ब्लाइंड कुणाचा यातलं काही कळत नाही, त्याला फक्त ढिगाऱ्यांची उंची दिसते. पण मग त्याला जे दिसत नाही ते सगळंच मोजायला हवं, आपल्या सोयीचं तेवढंच नाही. पुढचा बिग ब्लाइंड कुणाचा होता? तीनवाल्याचा. माझ्यानंतर तोच. त्याचे तीन, त्यातला एक जबरदस्तीने आत, राहिले दोन. त्याच्या पुढच्या डावात स्मॉल ब्लाइंड, राहिले दीड. मग दोन डाव फुकट आणि पुन्हा ब्लाइंड, उरला अर्धा. म्हणजे त्याला फार तर एक फेरी होती, आणि त्या फेरीत माझे जाणार होते दीड ब्लाइंड, २७ चे साडेपंचवीस. एवढ्या स्वस्तात बबल फुटत होता. आणि बबल फुटला की राज्य करायचं कुणावर? ज्या घाबरलेल्या प्रजेच्या जोरावर मित्र मला राजा करत होता ती प्रजा दोन-चार डावांत संपणार होती. त्यामुळे मला वाटतं सूत्रात न दिसणाऱ्या गोष्टी धरल्या तर फोल्डचं पारडं अजून जडच होतं, हलकं नाही.

त्या तीनवाल्याकडे जरा नीट बघू, कारण खरा नायक तोच आहे. त्याने काहीच केलं नाही, पत्ते टाकले आणि बसला. मी फोल्ड केलं असतं तर त्याची किंमत ०.७४ बाय-इन. मी कॉल करून हरलो असतो तर तो आपोआप तिसऱ्या बक्षिसाच्या आत, किंमत २.३३. नुसतं बसून दीड बाय-इनपेक्षा जास्त कमाई. नऊवाल्याची २.०७ वरून २.९८. आणि ज्याने ऑल-इन टाकायची जोखीम घेतली त्या लीडरची ३.८५ वरून ४.६९, म्हणजे ०.८४ फक्त. माझे ३.३५ बुडाले असते त्यातले लीडरला मिळाले असते ०.८४ आणि उरलेले अडीच त्या दोघांना ज्यांनी पत्त्याला हात लावला नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ हे आपण लहानपणापासून ऐकतो, इथे तिसऱ्याचा आणि चौथ्याचा दोघांचाही, तोही दशांशापर्यंत मोजून. मी जिंकलो तेव्हासुद्धा तीनवाल्याचे ०.७४ चे ०.८७ झालेच, म्हणजे आमच्यातलं कोणीही जिंको, त्याची बेगमी पक्की. तेव्हा त्याने चॅटमध्ये "मस्त कॉल" असं लिहिलं होतं आणि मी त्याला धन्यवाद म्हटलं होतं. आता कळतं की तो मनापासून म्हणत होता.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग बबलवर जॅक्स आले की टाकून द्यायचे. अजिबात नाही, आणि इथेच बरेच जण उलट्या बाजूला पडतात, मीही मधे काही दिवस पडलो होतो, हिशोब कळल्यावर इतका घाबरट झालो की बक्षिसात यायचो पण नेहमी तिसरा. म्हणून तोच डाव एक गोष्ट बदलून पुन्हा मोजला. समजा लीडरऐवजी बटनवरच्या नऊवाल्याने त्याचे नऊ ढकलले, लीडरने स्मॉल ब्लाइंडमधून सोडलं, आणि मी तसाच बिग ब्लाइंडला, तेच दोन गुलाम. आता हरलो तरी माझ्याकडे १९ राहतात, आणि जिंकलो तर नऊवाला बाहेर, बबल फुटला, मी बक्षिसात. चिप्सच्या हिशोबाने ४३.२ टक्के लागतात आणि पैशाच्या हिशोबाने ४६.२. फक्त तीन टक्के भाडं! तेच टेबल, तीच खुर्ची, तेच पत्ते, एकदा ७७ लागतात आणि एकदा ४६. नऊवाल्यासमोर जॅक्स टाकणाऱ्याला मी गल्लीतला क्रिकेटचा बारावा खेळाडूसुद्धा करणार नाही. फरक एवढाच की एक जण मला बाहेर काढू शकतो आणि दुसरा नाही.

अजून एक बदल करून बघितला. तीनवाला आधीच गेलाय, तिघं उरलोत, लीडर ४०, मी २८, तिसरा १२. सगळ्यांचे किमान दोन बाय-इन खिशात. लीडरने स्मॉल ब्लाइंडमधून मला ऑल-इन टाकलं. आता किती लागतात? ६०.८ टक्के. ७७ वरून ६१ वर, कारण आता हरलो तरी शून्य नाही, आणि कुणी मरायला टेकलेला नाही ज्याची वाट बघावी. इथे जॅक्सचा कॉल डोळे मिटून, आणि तो मोकळ्या हाताने ढकलत असेल तर एक्का-राजासुद्धा, कारण कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध तो ६५ टक्के धरतो. पण हाच एक्का-राजा चौघं असताना, ७७ लागत असताना, शंभर टक्के हातांवर ढकलणाऱ्याविरुद्धसुद्धा टाकायचा. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा स्वतःलाच चिमटा काढला. एक्का-राजा, स्मॉल ब्लाइंड विरुद्ध बिग ब्लाइंड, फोल्ड.

आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर तेच चार स्टॅक, पण बक्षीस ५०-३०-२० नाही, पहिल्या तिघांना एकसारखं, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट, ज्याला सॅटेलाइट म्हणतात. तिथे पहिला आणि तिसरा यात काही फरकच नाही. फोल्ड केलं तर माझी तिकीट मिळण्याची शक्यता ९६.१ टक्के, कॉल करून जिंकलो तर ९९.५. साडेतीन टक्क्यांसाठी ९६ टक्के पणाला! कॉल बरोबर ठरायला ९६.६ टक्के जिंकायला हवं आणि होल्डेममधली सगळ्यात भारी जोडी, दोन एक्के, कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध ८५ टक्के. म्हणजे एक्के टाकायचे. न बघता टाकायचे म्हटलं तरी चालेल, खरं तर न बघणं बरं, बघितले की मोह होतो. मी एका सॅटेलाइटमध्ये असा फोल्ड होताना बघितलाय, त्याने पत्ते उलटून दाखवले आणि टेबलवरचे सगळे हसले. त्याला तिकीट मिळालं. हसणाऱ्यांतल्या एकाला नाही मिळालं, पण त्यावरून मी काही सिद्ध करत नाही, ते नशीब.

ऐन वेळी हे सगळं मोजायला कुणाकडे वेळ असतो, पंधरा-वीस सेकंदांत चार घोड्यांची शर्यत डोक्यात कशी पळवणार, हा प्रश्न रास्त आहे. मी मोजत नाही. मी आता पत्ते बघायच्या आधी तीन ठिकाणी नजर टाकतो: समोरचा मला बाहेर काढू शकतो का, माझ्या मागे कुणी मरायला टेकलाय का, आणि त्याला पुढचा ब्लाइंड कधी बसणार. या तिन्हीची उत्तरं माझ्या विरुद्ध असली तर पत्ते उचलताना मनात आधीच फोल्ड झालेला असतो आणि मग पत्त्यांनी मला पटवायचं असतं, मी पत्त्यांना नाही. त्या दिवशी उलटं झालं होतं, आधी गुलाम दिसले आणि मग टेबल दिसायचंच बंद झालं. आणि हो, मी स्वतः पहिला बोलणारा असतो तर तेच जॅक्स घेऊन जरूर पुढे गेलो असतो, कारण ढकलणाऱ्याला समोरचा सोडून देईल ही एक जास्तीची शक्यता मिळते, कॉल करणाऱ्याला ती नसते. भारी पत्ते टाकण्याची सगळी चर्चा कॉलची आहे, त्यातही आपल्यापेक्षा मोठ्या ढिगाऱ्याविरुद्धच्या कॉलची.

त्याच मूळ डावात जॅक्सऐवजी राजांची जोडी असती तर काय, हा प्रश्न मला पडत नाही. कुठल्याही पत्त्यांविरुद्ध ८२ टक्के, आणि लीडर निम्म्याच हातांवर ढकलतोय असं धरलं तरी माझ्या हिशोबाने ७९-८० च्या आसपास राहतात, कारण त्यांना फक्त एक्क्याची भीती. कॉल. एक्के तर कॉलच.

अडतो तो राण्यांपाशी. डोळे झाकून ढकलणाऱ्याविरुद्ध राण्या ८० टक्के, म्हणजे कॉलचा फायदा दशांश बाय-इन, ठीकच. पण तो निम्म्या हातांवर आला की एक्का किंवा राजा असलेले हात जवळपास सगळे त्यात राहतात आणि बाकीचा पालापाचोळा जातो, मग राण्या ७५ वर घसरतात आणि कॉल तोट्यात. म्हणजे ८० आणि ७५ च्या मधे कुठेतरी ती ७७.३ ची रेघ आहे आणि माणूस रेघेच्या कुठल्या बाजूला आहे हे त्याने आधी किती वेळा स्मॉल ब्लाइंड सोडलाय यावरूनच कळणार. अनोळखी माणूस असेल आणि तो प्रत्येक डावात ढकलताना दिसला असेल तर मी राण्यांवर कॉल करेन. दोनदा गुपचूप सोडणारा हाच लीडर असेल तर नाही करणार, निदान आज बसून लिहिताना तरी असं वाटतंय. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघू ना, येऊ दे राण्या." अजून आलेल्या नाहीत.